कर नाही, फौज नाही, तरी सरकार! डॅनियल शेझचं बंड आणि अमेरिकेची पहिली फसलेली घडी

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या बऱ्याचशा मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि ‘टॅरिफ’ हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीवर पोचला. गंमत अशी की हाच देश स्वतंत्र झाल्यावर पहिली काही वर्षं आयात मालावर साधं पाच टक्के शुल्कही लावू शकत नव्हता. प्रयत्न दोनदा झाला. पहिल्या वेळी ऱ्होड आयलंड हे सगळ्यात चिमुकलं राज्य आडवं आलं, दुसऱ्या वेळी न्यूयॉर्क. दोन्ही वेळा एका राज्याच्या नकारावर अख्ख्या देशाचं घोडं अडलं.

२०२६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं होतात. त्यानिमित्ताने १७७६ बद्दल भरपूर लिहिलं जातंय आणि १७८७ च्या राज्यघटनेबद्दलही. मधल्या अकरा वर्षांकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. त्या अकरा वर्षांत अमेरिकेत एक वेगळंच सरकार होतं, ते कोसळायला आलं होतं, आणि ते किती पोकळ आहे हे जगापुढे उघड करण्यात मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी, करबाजारी शेतकऱ्यांचा वाटा मोठा होता. ‘शेझचं बंड’ म्हणतात ते हेच.

या गोष्टीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आधीच सांगून टाकतो. सरकार जितकं दुबळं तितका गरिबाला त्याचा जाच कमी, असं आपल्याला वाटतं. इथे नेमकं उलटं झालं. केंद्राच्या दुबळेपणाची किंमत सगळ्यात खाली उभ्या असलेल्या माणसाने मोजली.

## मुळात सरकार होतं कसलं?

इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढणाऱ्या तेरा राज्यांनी १७७७ मध्ये एक करार तयार केला. ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’, म्हणजे महासंघाचा करारनामा. सगळ्या राज्यांची मान्यता मिळून तो लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडलं. करारातच या व्यवस्थेचं वर्णन राज्यांमधली मैत्रीची पक्की युती असं केलेलं होतं. राष्ट्र वगैरे फार पुढची गोष्ट.

या युतीचा कारभार पाहायला काँग्रेस होती (आपल्याकडच्या पक्षाशी संबंध नाही, ही प्रतिनिधींची सभा). तिथे लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत. महत्त्वाच्या निर्णयाला तेरापैकी नऊ राज्यांचा होकार हवा, आणि करारात बदल करायचा तर तेराच्या तेरांचा. राष्ट्राध्यक्ष नाही. देशपातळीवर नेहमीची न्यायालयं नाहीत. आयात-निर्यातीचे नियम ठरवायचा अधिकार नाही. आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे कर बसवायचा अधिकार नाही.

आपल्या हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या. सोसायटीच्या नावावर कर्ज आहे, लिफ्टवाल्याचं बिल थकलंय, वॉचमनचा पगार द्यायचाय. पण उपविधीत असं लिहिलंय की मेंटेनन्स लावायचा हक्क कमिटीला नाही, तिने फक्त सभासदांना विनंतीचं पत्र द्यावं. थकबाकीदारावर व्याज नाही, नोटीस नाही, कारवाई नाही. आणि हा उपविधी बदलायचा तर तेराही सभासदांची सही हवी, त्यात तो कधीच पैसे न देणाराही आला. अशा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे त्या वेळची अमेरिकन काँग्रेस.

हे असं वेडगळ का केलं, असा प्रश्न पडतो. पण माणसं वेडी नव्हती. लंडनमध्ये बसलेलं एक दूरचं सरकार आपल्यावर परस्पर कर लादतं, आपल्या गावात सैन्य आणून बसवतं, याच रागातून ते लढायला उभे राहिले होते. दूर बसलेलं दुसरं सरकार स्वतःच्या हाताने तयार करून त्याच्याकडे तीच दोन हत्यारं द्यायची त्यांची तयारी नव्हती.

## विनंतीपत्रावर देश चालतो का?

काँग्रेस राज्यांकडे वाटा मागायची, राज्यं सवडीने थोडंफार द्यायची किंवा द्यायचीच नाहीत. फेब्रुवारी १७८६ मध्ये न्यू जर्सीने तर सरळ कळवलं की आम्ही देत नाही. कारण? शेजारचं न्यूयॉर्क आपल्या बंदरातून त्यांच्याकडे जाणाऱ्या मालावर शुल्क लावत होतं, आणि ते थांबेपर्यंत न्यू जर्सी एक पैसा सोडायला तयार नव्हती. एकाच देशातलं एक राज्य दुसऱ्याकडे जाणाऱ्या मालावर शुल्क लावतंय आणि केंद्र हात चोळत बसलंय.

युद्धासाठी फ्रान्सकडून घेतलेल्या कर्जाचं व्याज १७८५ मध्ये थकलं. कागदी डॉलर तर युद्ध चालू असतानाच मातीमोल झाले होते. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनीच फिलाडेल्फियात काँग्रेसच्या सभागृहाला वेढा घातला. पेनसिल्व्हेनिया राज्य आपली फौज संरक्षणाला पाठवेना, तेव्हा काँग्रेसने गाशा गुंडाळून न्यू जर्सीतलं प्रिन्स्टन गाठलं. पुढच्या वर्षी काँग्रेसने सैन्य जवळजवळ मोडीतच काढलं. ८० माणसं शिल्लक ठेवली, फोर्ट पिटला २५ आणि वेस्ट पॉइंटला ५५, तीही मुख्यतः दारूगोळा राखायला. सरहद्दीसाठी ७०० जणांची पलटण हवी होती, ती पुन्हा चार राज्यांकडे मागावी लागली.

आयात शुल्काचा आकडा फक्त पाच टक्के होता, हे पुन्हा सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. बंदरात उतरणाऱ्या परदेशी मालावरचं शुल्क गोळा करायला सोपं असतं आणि ते बहुतेक चहा, दारू, कापड, चैनीच्या वस्तू विकत घेणाऱ्याच्या खिशातून जातं. तो रस्ता बंद झाल्यावर युद्धाचं कर्ज गायब झालं नाही. ते राज्यांच्या अंगावर आलं.

## मग भरलं कोणी?

मॅसॅच्युसेट्सची दोन टोकं होती. पूर्वेला समुद्र, बॉस्टन, व्यापारी, जहाजं. पश्चिमेला हॅम्पशायर, बर्कशायर, मधे वुस्टर असे जिल्हे, तिथे डोंगराळ, खडकाळ जमिनीवर आपल्यापुरतं पिकवणारे शेतकरी. त्यांचा व्यवहार वस्तूच्या बदल्यात वस्तू, मजुरीच्या बदल्यात धान्य असा चाले. गावच्या दुकानदाराकडे खातं असायचं आणि ते सवडीने फिटायचं. चांदीची नाणी हातात क्वचितच.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश व्यापाऱ्यांनी बॉस्टनला भरपूर माल उधारीवर दिला. मग लंडनहून तगादा सुरू झाला, पैसे द्या आणि रोख द्या. त्यातच ब्रिटनने आपल्या वेस्ट इंडीज बेटांची बंदरं अमेरिकन जहाजांना बंद केली, त्यामुळे बॉस्टनवाल्यांची जुनी कमाई आटली. मोठ्या व्यापाऱ्याने गावच्या दुकानदाराला पकडलं, दुकानदाराने शेतकऱ्याला. पिढ्यान्‌पिढ्या सवडीने फिटणारी उधारी एकाएकी रोखीत मागितली जाऊ लागली.

त्यावर सरकारी कर. आणि इथे जे घडलं ते नीट बघण्यासारखं आहे.

युद्धात सैनिकांना पगाराऐवजी कागद मिळाले होते, सरकारी वचनचिठ्ठ्या. घरी परतलेल्या सैनिकाला पोट होतं आणि चिठ्ठीवर दुकानदार मीठ देत नव्हता. त्याने ती मिळेल त्या भावाला विकली, म्हणजे रुपयाचा कागद दोन-तीन आण्यांना म्हणा ना. विकत घेणारे होते शहरातले पैसेवाले. पुढे राज्य सरकारने ठरवलं की या कागदांची कागदावर लिहिलेली पूर्ण किंमत व्याजासकट फेडायची. फेडायला पैसा कुठून? करातून. आयात शुल्क आणि इतर काही कर होते, पण मोठा बोजा आला जमिनीवर आणि डोईपट्टीवर. डोईपट्टी म्हणजे सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषामागे ठरलेली रक्कम, तो बॉस्टनचा सावकार असो की पेलमचा अल्पभूधारक. घरात तीन मुलगे म्हणजे चौपट डोईपट्टी. आणि भरायची शक्यतो नाण्यांत.

म्हणजे ज्या सैनिकाने आपला पगाराचा कागद कवडीमोलाने विकला, त्यालाच आता कर भरून तो कागद घेणाऱ्याला पूर्ण किंमत चुकती करायची होती. रागाचं कारण शोधायला यापुढे जायची गरज नाही.

त्यात १७८५ मध्ये लोकप्रिय आणि थोडे ढिले गव्हर्नर जॉन हॅनकॉक बाजूला झाले आणि जेम्स बोडन आले. हॅनकॉक थकबाकी वसुलीकडे काणाडोळा करायचे. बोडन शिस्तीचे, आणि कर्ज पूर्ण फेडलंच पाहिजे या मताचे. वसुलीचा फास आवळला गेला. कर थकला की शेरीफ दारात, उधारी थकली की दिवाणी कोर्टाचा हुकूम. गुरं जप्त, जमीन लिलावात, नाही तर माणूस थेट कर्जदारांच्या तुरुंगात.

## “म्हणजे कर्ज बुडवायचं होतं, दुसरं काय?”

त्या वेळच्या बॉस्टनमध्ये हेच म्हणत होते. काहींना यात इंग्रजांचा हात दिसत होता. युद्धखात्याचे सचिव हेन्री नॉक्स यांनी तर जॉर्ज वॉशिंग्टन यांना लिहिलं की या लोकांना सगळी मालमत्ता सगळ्यांची समान करायची आहे. ते अतिरंजित होतं.

लोकांच्या मागण्या कागदावर आहेत. ऑगस्ट १७८६ मध्ये हॅटफिल्ड गावी हॅम्पशायर जिल्ह्यातल्या गावांच्या प्रतिनिधींची सभा भरली. तिथे तक्रारी मांडल्या गेल्या त्या अशा: राज्याचं वरचं सभागृह बरखास्त करा, विधिमंडळ बॉस्टनमधून हलवा, कोर्टाची आणि वकिलांची फी कमी करा, कागदी चलन काढा, कराची पद्धत बदला. यात कुणाची जमीन वाटून घ्यायची भाषा नाही. उलट हिंसाचार करू नका, असंच सभेने लोकांना बजावलं होतं.

कागदी चलनाची मागणी मात्र वादाची होती, हे मान्य करायला हवं. भरपूर नोटा छापल्या की नोटेची किंमत पडते आणि कर्जदाराला स्वस्तात कर्ज फेडता येतं. शेजारच्या ऱ्होड आयलंडने १७८६ मध्ये तसं केलंच होतं आणि तिथले सावकार नोटा घ्याव्या लागू नयेत म्हणून ऋणकोला टाळत फिरत होते. ज्याने प्रामाणिकपणे खरे पैसे उधार दिले त्याच्यावर हा अन्यायच. पण सरकारी कागद दोन आण्यांत घेऊन रुपया वसूल करणाऱ्याने प्रामाणिकपणाचे धडे देणं, हेही जरा जास्तच.

शिवाय मत देऊन प्रश्न सोडवायचा रस्ता अर्धवटच खुला होता. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेप्रमाणे मतदानाला मालमत्तेची अट, गव्हर्नर व्हायला तर १,००० पौंडांची स्थावर मालमत्ता. वरच्या सभागृहातल्या जागा जिल्ह्याने भरलेल्या कराच्या प्रमाणात. प्रतिनिधी बॉस्टनला पाठवायचा खर्च गावावर, म्हणून पश्चिमेची कित्येक गावं प्रतिनिधीच पाठवत नसत. ते चूकच, आणि त्याचे परिणाम त्यांनी भोगले. पण अर्ज मात्र वर्षानुवर्षं केले होते. जुलै १७८६ मध्ये विधिमंडळ दाद न देता उठलं आणि ऑगस्टअखेर लोक रस्त्यावर आले.

## कोर्टच का बंद पाडलं?

कारण कोर्ट भरलं नाही तर हुकूम निघत नाही, आणि हुकूम नाही तर जप्ती नाही. २९ ऑगस्ट १७८६ ला नॉर्दम्प्टनमध्ये सुमारे दीड हजार माणसं जमली आणि न्यायाधीशांना कोर्ट भरवता आलं नाही. आठवड्याने, ५ सप्टेंबरला, वुस्टरमध्ये तेच. तिथले मुख्य न्यायाधीश आर्टेमस वॉर्ड हे स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती. संगिनी रोखलेल्या असताना त्यांनी पायऱ्यांवर उभं राहून लोकांना दरडावलं. लोक हलले नाहीत.

हा प्रकार लोकांनी नव्याने शोधला नव्हता. ६ सप्टेंबर १७७४ ला याच वुस्टरमध्ये हजारो गावकऱ्यांनी राजाचं कोर्ट असंच बंद पाडलं होतं, आणि ती गोष्ट अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातला पराक्रम म्हणून सांगितली जाते. बारा वर्षांनी, तारखेत एका दिवसाचा फरक, त्याच गावात लोकांनी तेच केलं तर तो राजद्रोह कसा, हे त्यांना उमजत नव्हतं. त्यांनी स्वतःला ‘बंडखोर’ म्हटलंच नाही. ते ‘रेग्युलेटर’ म्हणवत, म्हणजे बिघडलेला कारभार ताळ्यावर आणणारे. टोपीत हेमलॉक झाडाची डहाळी खोचलेली असली की तो आपला माणूस. सरकारी बाजूचे टोपीला पांढरा कागद लावत.

सॅम्युअल अ‍ॅडम्स यांनी याचं उत्तर दिलं. १७७४ मध्ये लोकांना चिथवण्यात ते आघाडीवर होते, आता ते सरकारच्या बाजूने होते. त्यांचं म्हणणं, राजाविरुद्ध उठणाऱ्याला माफी देता येईल, पण प्रजासत्ताकात आपणच निवडलेल्या सरकारच्या कायद्यांविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्याला मरणच योग्य. मुद्दा बिनतोड वाटतो. फक्त ‘आपणच निवडलेल्या’ या शब्दांत मालमत्तेची अट आणि कराच्या प्रमाणातल्या जागा आठवाव्यात.

सरकारची अडचण वेगळीच होती. कोर्टाला संरक्षण द्यायचं ते गावोगावच्या नागरी फौजेने, मिलिशियाने. आणि मिलिशिया म्हणजे तेच शेतकरी, त्यांचेच मेहुणे आणि चुलतभाऊ. ग्रेट बॅरिंग्टनला मिलिशिया कोर्टाच्या रक्षणाला आली, तेव्हा ज्यांना कोर्ट भरावं असं वाटतं त्यांनी रस्त्याच्या एका बाजूला आणि ज्यांना नको वाटतं त्यांनी दुसऱ्या बाजूला व्हावं, असं ठरलं. हजारातले आठशे कोर्ट नको म्हणणाऱ्यांच्या बाजूला गेले.

## दिल्लीहून, म्हणजे न्यूयॉर्कहून, फौज का आली नाही?

काँग्रेस तेव्हा न्यूयॉर्कला भरत होती. तिचा जीव एका गोष्टीत अडकला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी केंद्राचं शस्त्रागार होतं, सुमारे ७,००० बंदुका, तोफा आणि दारूगोळ्यासह. ते रेग्युलेटरांच्या हाती पडलं तर?

ऑक्टोबर १७८६ मध्ये काँग्रेसने १,३४० सैनिक वाढवायचं ठरवलं. उघड कारण दिलं पश्चिम सरहद्दीवरच्या मूळनिवासी जमातींचं, खरा रोख मॅसॅच्युसेट्सवर. खर्चासाठी राज्यांकडे ५,३०,००० डॉलर मागितले. विनंतीपत्रच ते. तेरापैकी एकट्या व्हर्जिनियाने होकार दिला. स्वतःच्या बंदुका राखायला स्वतःचे शिपाई पाठवणंही ज्याला जमत नाही, त्याला सरकार म्हणायचं का, हा प्रश्न त्या हिवाळ्यात पुष्कळांच्या मनात आला असणार.

बोडन यांनी मग दोन्हीकडून हालचाल केली. विधिमंडळाने काही थकलेले कर वस्तूंच्या रूपात भरायची सवलत दिली, आणि त्याच अधिवेशनात सशस्त्र जमावाला पांगवायचा कडक कायदा करून हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेचं कारण कोर्टापुढे दाखवायला लावण्याचा हक्क, स्थगित केला. तरीही कोर्टं बंद पडत राहिली, तेव्हा बॉस्टनच्या व्यापाऱ्यांकडून सुमारे ६,००० पौंड उभे केले आणि जनरल बेंजामिन लिंकन यांच्या हाताखाली ४,४०० जणांची फौज तयार केली. राज्याच्या नावाने लढणारी, पण सावकारांच्या पैशावर उभी. ज्यांची वसुली अडली होती त्यांनीच पोलिसांचा पगार भरावा, असा तो मामला.

## २५ जानेवारी १७८७, स्प्रिंगफील्ड

डॅनियल शेझ हे या बंडाचे एकमेव नेते नव्हते. ल्यूक डे, एली पार्सन्स, जॉब शॅटक असे बरेच होते. बॉस्टनवाल्यांना एक नाव हवं होतं, ते शेझच्या रूपाने मिळालं. पेलम गावचा हा शेतकरी बंकर हिल आणि साराटोगाच्या लढायांत लढलेला, कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढलेला. फ्रेंच सेनानी लाफायेत यांनी भेट दिलेली तलवार त्याने देणी भागवायला विकली होती.

लिंकनची फौज बॉस्टनहून निघाल्याचं कळल्यावर तिच्या आधी शस्त्रागार गाठायचं असं रेग्युलेटरांनी ठरवलं. पण शस्त्रागारात जनरल विल्यम शेपर्ड हजाराहून अधिक मिलिशिया घेऊन आधीच बसले होते. त्यांच्या माणसांकडे पुरेशी शस्त्रं नव्हती आणि पाठीमागच्या कोठारात बंदुकांच्या थप्प्या. त्या वापरायला काँग्रेसची परवानगी हवी, आणि काँग्रेसची बैठक चालू नव्हती. शेपर्डनी विनापरवानगी कुलपं उघडली.

बेत असा होता की शेझने पूर्वेकडून, पार्सन्सने उत्तरेकडून आणि ल्यूक डेने नदीपलीकडून पश्चिमेकडून एकदम यायचं. दिवस ठरला २५ जानेवारी. डेने शेझला निरोप धाडला की मला एक दिवस उशीर होईल, २६ ला या. ती चिठ्ठी शेपर्डच्या माणसांच्या हाती पडली. शेझला पत्ताच नाही.

२५ ला दुपारी उशिरा खोल बर्फातून वाट काढत शेझची बारा-पंधराशे माणसं बॉस्टनच्या रस्त्याने पुढे आली. पुढे जुने सैनिक, रांगेत. शेपर्डनी माणूस पाठवून पुढे येऊ नका असं बजावलं. ते येत राहिले. समोर उभे होते ते त्यांच्याच जिल्ह्यातले, काही तर एकाच पलटणीत लढलेले. हे आपल्यावर गोळी झाडणार नाहीत अशी त्यांची खात्री असावी. आजवर बंद पाडलेल्या प्रत्येक कोर्टापुढे तसंच तर झालं होतं.

तोफेचे पहिले दोन बार डोक्यांवरून गेले. रांग थांबली नाही. मग शेपर्डनी तोफा कंबरेच्या उंचीवर खाली आणायला सांगितल्या. चौघं मेले, वीसेक जखमी झाले, आणि ‘खून, खून’ असा ओरडा करत बाकीची माणसं मागच्या मागे पळाली. दोन्हीकडून बंदुकीची एकही गोळी सुटली नाही.

पुढचं लवकर आटपलं. लिंकननी पाठलाग केला. ३ फेब्रुवारीच्या रात्री हॅडलीहून तीस मैल, बर्फाच्या वादळातून चालत जाऊन सकाळी पीटरशॅम गावात रेग्युलेटरांना झोपेतच गाठलं. दीडशे पकडले गेले. शेझ निसटून व्हरमाँटला गेला, ते तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. बर्कशायरकडे महिनाभर चकमकी चालू राहिल्या.

सुमारे ४,००० जणांनी शपथ घेऊन माफी मिळवली. अठरा जणांना फाशीची शिक्षा झाली, पण बहुतेकांना माफी मिळून डिसेंबर १७८७ मध्ये फासावर गेले ते दोघेच. शेझलाही १७८८ मध्ये माफी मिळाली. आणि तोफेने जिंकलेले बोडन एप्रिल १७८७ च्या निवडणुकीत सपाटून आपटले. हॅनकॉक परत आले, नव्या विधिमंडळाने कर उतरवले. बंदुकीने जे मिळालं नाही त्यातलं बरंच मतपेटीने मिळालं. मात्र आधी बंड झालं नसतं तर त्या निवडणुकीला इतके लोक मतदानाला बाहेर पडले असते का, याची मला शंका आहे.

## राज्यघटना या बंडामुळेच झाली का?

सरळ ‘हो’ म्हणणं सोपं आहे, पण तारखा तसं म्हणू देत नाहीत. सप्टेंबर १७८६ मध्ये अ‍ॅनापोलिसला व्यापाराच्या प्रश्नावर परिषद बोलावली होती. पाच राज्यांचे बाराच प्रतिनिधी आले. त्यांत जेम्स मॅडिसन आणि अलेक्झांडर हॅमिल्टन होते. त्यांनी १४ सप्टेंबरला पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला मोठी परिषद घ्या असं आवाहन केलं. तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये कोर्टं बंद पडायला नुकती सुरुवात झाली होती. म्हणजे दुरुस्तीचा विचार आधीपासून होता.

पण अ‍ॅनापोलिसला आठ राज्यांचे प्रतिनिधी पोचलेच नाहीत, आणि फिलाडेल्फियाला ऱ्होड आयलंड सोडून बाकी बाराही राज्यांचे आले. मधल्या काळात बदललं ते बंडाने. ऑक्टोबर १७८६ मध्ये मित्राने वॉशिंग्टन यांना सुचवलं की तुम्ही आपलं वजन खर्ची घालून मॅसॅच्युसेट्स शांत करा. त्यांनी उलट लिहिलं की वजन म्हणजे सरकार नव्हे. निवृत्त होऊन घरी बसलेले वॉशिंग्टन फिलाडेल्फियाला जायला तयार झाले, त्यात नॉक्सच्या त्या भडक पत्रांचा हात होता. ते अध्यक्षपदी बसणार म्हटल्यावर परिषदेला वजन आलं. काँग्रेसनेही स्प्रिंगफील्डनंतर महिन्याच्या आत, २१ फेब्रुवारी १७८७ ला, परिषदेला मान्यता दिली.

सगळे घाबरले नव्हते. पॅरिसमध्ये राजदूत असलेले थॉमस जेफरसन यांनी मॅडिसनना लिहिलं की अधूनमधून एखादं छोटं बंड झालेलं चांगलंच. अटलांटिकच्या पलीकडे बसून असं लिहिणं तुलनेने सोपं होतं, हे सांगायला नको.

## नव्या घटनेत शेतकऱ्याला काय मिळालं?

घटनेच्या पहिल्याच कलमात काँग्रेसला कर आणि आयात शुल्क लावायचा अधिकार आला, तसाच बंड मोडायला मिलिशिया बोलवायचा अधिकारही. राज्यांना स्वतःच्या नोटा काढायला आणि करारांतली देणी कायद्याने सैल करायला बंदी झाली. चौथ्या कलमात, राज्याने मागणी केल्यास अंतर्गत उठावापासून त्याचं संरक्षण करायची हमी केंद्राने दिली. दक्षिणेकडच्या गुलाममालकांना या हमीत त्यांच्या मळ्यांवरचे उठाव दिसत होते, ही त्यातली काळी बाजू.

म्हणजे हॅटफिल्डच्या सभेने मागितलेली कागदी चलनाची वाट कायमची बंद. या अर्थाने शेतकरी हरले.

नव्या घटनेला मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला मॅसॅच्युसेट्समध्ये परिषद भरली. तिथे याच मुद्द्यावर २५ जानेवारी १७८८ ला दोन साधी माणसं बोलली. स्प्रिंगफील्डच्या तोफांना त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं. सटनचे अमॉस सिंगलटरी म्हणाले, हे वकील, शिकलेले, पैसेवाले लोक गोड बोलून सगळी सत्ता आणि सगळा पैसा आपल्या हाती घेतील आणि आम्हा लहान माणसांना गिळून टाकतील. त्यांच्यानंतर बर्कशायरचे जोनाथन स्मिथ उठले. म्हणाले, मी नांगरावर पोट भरणारा साधा माणूस आहे. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात सरकार नसलं की काय होतं ते मी पाहिलंय. छातीवर बंदूक रोखली जायची, घरं जाळायची धमकी मिळायची. अशा वेळी सरकारसारखं दिसेल त्याला माणूस मिठी मारतो, मग तो जुलमी का असेना, म्हणून वेळेवर चांगलं सरकार करा.

मला दोघांचंही पटतं. मतदान १८७ विरुद्ध १६८ असं झालं, यावरून तिथल्या लोकांनाही तसंच वाटत असावं. सिंगलटरींसारख्यांच्या शंकांमुळे मान्यतेसोबत दुरुस्त्यांची यादी जोडावी लागली, आणि अशाच यादींतून पुढे नागरिकांच्या हक्कांच्या पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या.

आणि आता सुरुवातीला केलेल्या विधानाचा हिशेब. ४ जुलै १७८९ ला वॉशिंग्टन यांनी आयात शुल्काच्या कायद्यावर सही केली. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी राज्यांची युद्धकर्जं केंद्राकडे घेतली, त्यात मॅसॅच्युसेट्सचे ४० लाख डॉलर होते. कर्ज गेलं तसं राज्याला डोईपट्टी आणि जमिनीवरचा कर आवळायचं कारणच उरलं नाही. बंदरावरच्या शुल्काने ते काम केलं जे १७८१ मध्येच होऊ शकलं असतं. स्वस्तात कागद घेतलेल्या सट्टेबाजांना मात्र पूर्ण किंमत मिळाली, तो अन्याय तसाच राहिला. शेझ म्हातारपणी न्यूयॉर्क राज्यात जाऊन राहिला, १८२५ मध्ये वारला. शेवटच्या वर्षांत त्याला स्वातंत्र्ययुद्धातल्या नोकरीबद्दल केंद्र सरकारची पेन्शन मिळत होती.

## मग पुन्हा बंडं झाली नाहीत?

झाली की. हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्याला धान्य डोंगरापलीकडे नेणं परवडत नव्हतं, म्हणून तो त्याची दारू गाळून नेई. दारू हेच तिथलं चलन, आणि कर मात्र रोख. १७९४ च्या जुलैमध्ये लोकांनी वसुली अधिकाऱ्याचं घर जाळलं.

या वेळी विनंतीपत्रं गेली नाहीत. वॉशिंग्टन यांनी चार राज्यांची जवळजवळ १३,००० मिलिशिया उभी केली आणि काही अंतर स्वतः तिच्यासोबत घोड्यावरून गेले. फौज पोचेपर्यंत बंड विरघळलेलं होतं. राजद्रोहाखाली दोघांना शिक्षा झाली, दोघांनाही वॉशिंग्टन यांनी माफ केलं. कर त्यानंतरही धड वसूल झाला नाही, आणि जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८०२ मध्ये तो रद्दच झाला.